पांघरुणं फाडणारी नायिका

शत्रूच्या छावणीत कैदेत असलेल्या मुलीला सैनिकांची पांघरुणं आणि कपडे दुरुस्त करायला बसवलंय. छावणी कुणाची? ज्याचं नुसतं नाव काढलं तरी स्कॉटलंडमध्ये भल्याभल्यांची बोबडी वळते, त्या ‘ब्लॅक वुल्फ’ची! आणि ही बया काय करते, तर पांघरुणं शिवायच्या ऐवजी फाडून ठेवते आणि कपड्यांच्या बाह्या आतून शिवून टाकते. इथे मी जी खो खो हसले, ते बघायला घरातले सगळे दारात जमा झाले.

ज्युडिथ मॅकनॉटची ‘अ किंगडम ऑफ ड्रीम्स’. १९८९ सालची कादंबरी! इतकी वर्षं जगभरच्या बायका हे वाचतायत आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही? मैत्रिणी म्हणवता स्वतःला!

तर काळ आहे १४९७चा, इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचा. जेनिफर मेरिक ही स्कॉटिश सरदाराची मुलगी, आणि रॉइस वेस्टमोरलँड हा इंग्लंडच्या राजाचा सेनानी, क्लेमोरचा ड्यूक, म्हणजेच तो ‘ब्लॅक वुल्फ’. रॉइसचा भाऊ जेनीला आणि तिच्या सावत्र बहिणीला, ब्रेनाला, पळवून आणतो. जेनी पळते, पकडली जाते, रॉइसच्या गालावर त्याच्याच खंजिराने वार करते. ब्रेनाला पिसांनी त्रास होतो म्हटल्यावर या बाईसाहेब पिसांच्या उशीचंसुद्धा हत्यार करतात. (इतकी कल्पक नायिका मी तरी आजवर बघितलेली नाही.)

हसता हसता एकदम घास अडकतो तो पुढे. बहिणीच्या सुटकेच्या बदल्यात जेनी स्वतःला रॉइसच्या हवाली करायला तयार होते. लेखिका त्या रात्रीला प्रेमाचा मुलामा देते, पण कैदेतल्या मुलीच्या ‘हो’ला काय अर्थ? हे मला पटलेलं नाही आणि पुस्तक कितीही आवडलं तरी पटणार नाही.

मग दोन्हीकडचे राजे हुकूम काढतात, या दोघांचं लग्न लावा. तिला विचारतंय कोण! आणि तिचा बाप? त्याचा बेत तर आणखी भारी: लग्न लागलं की पोरीला थेट मठात डांबायचं, जन्मभर. म्हणजे ड्यूकला ना बायको, ना वारस. सूड पुरा. फक्त त्या सुडात आपल्या पोरीचंही आयुष्य संपतं, हे त्याच्या खिजगणतीतही नाही. आणि ही वेडी लहानपणापासून स्वप्नात एक राज्य उभं करून बसलेली, जिथे तिची माणसं तिला आपली म्हणतात. मला रॉइसपेक्षा या बापाचाच जास्त संताप आला.

हुकमाचं लग्न म्हणजे कादंबरीवाल्यांचा मालमसाला, असं वाटत असेल तर त्याच काळाचा खरा इतिहास बघा. मी रात्री दीड वाजता बघत बसले होते! स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या पर्किन वॉरबेक नावाच्या तोतयाला जवळ केलं होतं. तोतया म्हटल्यावर आपल्याला सदाशिवरावभाऊंचा आठवणारच. पुढे १४९७ मध्ये सातव्या हेन्रीशी युद्धबंदी झाली, १५०२ मध्ये ‘शाश्वत शांतते’चा तह झाला, आणि तो पक्का करायला १५०३ मध्ये हेन्रीची मुलगी मार्गारेट जेम्सला दिली. ती तेरा वर्षांची, नवरदेव तिशीचा. आणि ती शाश्वत शांतता टिकली किती? १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात जेम्स मारला गेला, तो सख्ख्या मेव्हण्याच्या, आठव्या हेन्रीच्या, फौजेशी लढताना.

आता हे डोक्यात ठेवून कादंबरीतली ती घोड्यावरून भाल्याने लढायची स्पर्धा वाचा. वाचाच! तुझ्या माहेरच्यांवर हात उचलणार नाही, असा शब्द रॉइसने जेनीला दिलेला. आणि माहेरचे मैदानात उतरतात ते त्याला संपवायलाच. हा पठ्ठ्या घाव घेत राहतो. अख्ख्या युरोपात ज्याला कुणी लोळवलं नाही, तो हजारो लोकांसमोर मुकाट मार खातो आणि परत उभा राहतो. ‘मी बदललो’ असं लांबलचक भाषण नाही, अश्रू नाहीत. जे काही फेडायचं ते अंगावर घेऊन फेडतो. आणि मग ती उठते. दोन्ही देशांचे लोक बघत असताना, बापाच्या आणि भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत ती मैदानात जाते आणि त्याच्यापुढे गुडघे टेकते. ज्या बाईने कैदेत असतानाही मान तुकवली नाही ती! तिला आता कुणी हुकूम केलेला नाही, राजाने नाही, बापाने नाही, नवऱ्याने तर नाहीच. त्या आधीच्या रात्रीबद्दलचा माझा राग यामुळे गेला नाही, पण मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

अरे हो, एलिनोर आत्या राहिलीच! अखंड बडबडणारी ही म्हातारी आणि तोंडातून अक्षर न काढणारा आरिक नावाचा अजस्र योद्धा, या दोघांची जोडी म्हणजे धमाल आहे. सगळं टिपेला पोचलेलं असताना आत्याबाई आपल्या तंद्रीत त्याला उपदेशाचे डोस पाजत असतात.

आणि कळतंय काय, तर वेस्टमोरलँड घराण्याची आधी लिहिलेली कादंबरी वेगळीच आहे! ‘व्हिटनी, माय लव्ह’, १९८५ची, पण तिचं कथानक घडतं याच्या तीनशे वर्षांनंतर. मागवली आहे. सोमवारी येतेय, आणि मंगळवारी मी कुणाचाही फोन घेणार नाही.