दुर्बीण घेताना

ताडोबाच्या तलावाजवळ एका तिन्हीसांजेला आम्ही भावंडांनी वडिलांच्या हाती नवी दुर्बीण दिली. पलीकडे सांबरांचा कळप पाण्यावर उतरला होता. वडिलांनी बराच वेळ पाहिले आणि दुर्बीण परत देत ते म्हणाले, "मला काळोखच दिसतो. तुम्हीच पाहा."

दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. खिशात मावेल आणि दहा पट जवळचे दाखवील, म्हणून आम्ही १० × २५ ची दुर्बीण घेतली होती. यातला पहिला आकडा किती पट जवळ दिसेल ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. आमच्या दुर्बिणीची अवघी अडीच मिलिमीटर. ८ × ४२ ची सव्वापाच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जनावरे बहुधा पहाटे व सांजवेळी बाहेर पडतात. तेव्हा हाच प्रकाश कामी येतो. शिवाय आठ पटींत हाताचा कंप कमी जाणवतो. चष्मा लावणाऱ्याला डोळा भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर दूर असूनही पूर्ण दृश्य दिसावे लागते. वडिलांचा चष्मा आम्ही रोज पाहत होतो, पण दुकानात तो आम्हांला आठवला नाही.

पुढच्या वेळी आम्ही त्यांनाच दुकानात नेले. त्यांनी चष्म्यासकट चार दुर्बिणी लावून पाहिल्या आणि ८ × ४२ ची निवडली.

नाताळच्या सुट्टीत, त्याच तलावाजवळ, ते हळूच म्हणाले, "नर आहे. शिंगांवरून पाणी निथळतंय." आम्हांला नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हते, तरी आम्ही दुर्बीण मागितली नाही.