चार पोती

मिरजेचं घर आवरून आईला बंगळुरूला आणलं, तेव्हा पुस्तकांची चार पोती मी रद्दीवाल्याला दिली. मल्लेश्वरमच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे, हे माझं मीच ठरवलं. आईला विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. सहा महिन्यांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "'स्मृतिचित्रे' त्यातच गेलं ना गं?"

त्या रात्री मी इंटरनेट आर्काइव्हवर शोधायला बसले. देवनागरीत काही मिळेना. जुन्या नोंदी रोमन लिपीत, त्याही ज्याला जशा सुचल्या तशा. 'स्मृति'त रु की रि? 'लक्ष्मी'ला एक्स की केएस? शेवटी नुसतं 'टिळक' टाकून यादी चाळत गेले. लोकमान्यांच्या गर्दीत बऱ्याच उशिरा लक्ष्मीबाई सापडल्या.

नोंदीत 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' असं होतं. या शतकाच्या सुरुवातीला देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन करणारा हा प्रकल्प इथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पुढाकाराने चालला होता. जुने बंगळुरूकर जिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तीच ही संस्था. माझ्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. प्रकल्पाचं संकेतस्थळ पुढे बंद झालं, पण त्यातली कितीतरी पुस्तकं आर्काइव्हवर राहिली. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. तेव्हा पुस्तक उतरवून घेताना मन खात नव्हतं. मन खात होतं ते पोत्यांपायी.

सकाळी टॅबलेट आईच्या हातात दिला. पान दोन बोटांनी मोठं कसं करायचं ते दाखवलं. हल्ली तिला बारीक टाइप दिसत नाही. घरची प्रत असती तरी ती वाचता आली नसती, असं मी मनाशी म्हणत होते. स्वतःची सुटका करून घेत होते म्हणा ना.

आईने पहिल्याच पानावरचा ग्रंथालयाचा शिक्का मोठा करून पाहिला. "आपल्यावर तुझ्या आजोबांची सही होती," म्हणाली. मग पान उलटलं. पुढे एका कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचं बोट आलं होतं. त्यावर आपलं बोट ठेवून म्हणाली, "बघ, कुणीतरी पान धरून ठेवलंय."

मी काहीच बोलले नाही. संध्याकाळपर्यंत तिची साठ पानं झाली होती.

आता फ्रिजवर एक यादी लावलेली असते. पोत्यांतलं जे जे आठवेल ते ती सांगते, मी लिहिते आणि रात्री शोधते. हरिभाऊ आपटे मिळाले, साने गुरुजी मिळाले. अलीकडच्या लेखकांचे हक्क अजून शाबूत आहेत, ती पुस्तकं पुण्याहून विकत मागवते.

परवा कपाट आवरायला काढलं, तेव्हा आईचं एक जुनं लुगडं हातात घेऊन मी तिच्याकडे गेले. "हे ठेवायचं का?"

"विचारलंस ना, आता दे कुणाला हवं तर," ती म्हणाली, आणि पुन्हा वाचायला लागली.