नेत्रावतीकाठी नव्याचा सण

मंगळूर शहर मागे टाकून बंगळूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात उजव्या हाताला नेत्रावती दिसू लागते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचे पाणी अजून तांबूसच असते. पावसाचा जोर ओसरलेला असतो, कौलांवर शेवाळ चढलेले असते आणि जिथे अजून भातशेती उरली आहे तिथे लोंब्या नुकत्या भरू लागलेल्या असतात. उरली आहे असे मुद्दामच म्हणतो, कारण या रस्त्याच्या दुतर्फा आता भातापेक्षा सुपारीच्या बागा आणि नवी घरे अधिक दिसतात.

माझे एक स्नेही या भागातले. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कॅथोलिक ख्रिस्ती, घरची भाषा कोंकणी. 'एकदा मोंती सणाला या,' असे ते कित्येक वर्षे म्हणत होते. अखेर योग आला आणि मी 6 सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या दारी उतरलो.

मोंती सण 8 सप्टेंबरला येतो. येशूची माता मरिया हिचा हा जन्मदिवस, आणि त्याच दिवशी नव्या पिकाला चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. फरंगीपेठ येथे नेत्रावतीच्या काठी एका टेकडीवर मोंते मारियानो नावाचे जुने धर्मस्थान आहे. तिथे फादर जोआकिम मिरांडा या गोमंतकीय धर्मगुरूंनी 1763 साली या उत्सवाला आरंभ केला, अशी परंपरा सांगतात. मोंते म्हणजे पोर्तुगीज भाषेत डोंगर. मोंती हे नाव त्यावरूनच पडले. पुढे 1784 साली टिपू सुलतानाने इथल्या ख्रिस्ती समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. 1799 मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर जे जगले वाचले ते परत आले, तेव्हा शेते ओसाड पडली होती. त्यांनी ती पुन्हा लावली आणि पहिली लोंबी पुन्हा चर्चमध्ये आणली.

तथापि सण याहून फार जुना असला पाहिजे, असे मला वाटते. त्या लोंबीला आणि तिच्या जेवणाला इथे 'नोवें' म्हणतात. आपल्या कोकणात दसऱ्याच्या सुमारास आंब्याच्या पानात भाताच्या लोंब्या बांधून दाराला लावतात त्यालाही आपण 'नवें'च म्हणतो. शेजारचे तुळू शेतकरी नव्या भाताचे जेवण करतात, कोडगूत पुत्तरी होते. गोव्याहून काही शतकांपूर्वी येऊन या किनाऱ्यावर स्थिरावलेल्या लोकांनी देव्हारा बदलला. पण भात तेच राहिले, आणि त्याच्यापुढे हात जोडण्याची चालही तीच राहिली.

सणाआधीचे नऊ दिवस मुलांचे. 30 ऑगस्टपासून रोज मुले परडीत फुले घेऊन चर्चमध्ये जातात आणि बाल मरियेच्या मूर्तीवर ती उधळतात. मी पोचलो त्या संध्याकाळी घरात याच फुलांवरून खटका उडालेला होता. स्नेह्यांचा पुतण्या, वय वर्षे नऊ, आईबरोबर मंगळुरातल्या एका सदनिकेत राहतो. वडील कुवेतला नोकरीस. सणासाठी तो आजीकडे आला होता आणि येताना बाजारातून शेवंतीची जुडी घेऊन आला होता. आजीने ती हाती घेतली, हुंगली आणि पाण्यात ठेवून दिली. मग म्हणाली, ''ही फुलवाल्याची झाली. तुझी कुठली?''

मुलगा रागावला. पैसे त्याच्या खाऊचे होते. तो म्हणाला, ''आमच्या इमारतीत फुले लागत नाहीत, त्याला मी काय करू, शामाय?''

शामाय म्हणजे आजी. या बाईंचे वय ऐंशीच्या पुढे. अंगाने वाळलेल्या, पण आवाज खणखणीत. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच मुलाला घेऊन कुंपणाकाठी गेल्या. तेरडा, जास्वंद, रानातली पिवळी फुले असे करीत करीत परडी भरली. शेजारच्या तुळू बाईंच्या अंगणात अबोली होती. ''विचारून ये,'' म्हणाल्या. मुलगा लाजत गेला, ओंजळ भरून घेऊन आला. कुंपणावर काट्याने बोट ओरबाडले ते त्याने सर्वांना दाखवले. संध्याकाळी परडीत शेवंतीही होती. तिला आजीने वगळले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. मुलांना कृतज्ञता शिकवायची म्हणजे आपण काय करतो? पाहुण्याने चॉकलेट दिले की मुलाच्या पाठीला बोट टोचून 'थँक्यू म्हण' असे सांगतो. मूल म्हणते आणि खेळायला पळते. कोंकणीत आभार मानायचे शब्द आहेत 'देव बरें करूं'. देव तुझे भले करो, इतकाच त्याचा अर्थ. घेणारा देणाऱ्याला आशीर्वाद देतो आणि त्यात देवाला मध्ये घेतो. पाच वर्षांच्या पोराने ऐंशीच्या आजीला हे म्हणावे, यात कुणाला विचित्र वाटत नाही. रात्रीची जपमाळ संपली की मुले हात जोडून घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याकडे जातात आणि 'बेसांव' मागतात. बेसांव हा मूळ पोर्तुगीज शब्द, अर्थ आशीर्वाद. त्या दोन्ही रात्री मलाही मागितला गेला. मी गडबडलो. आपल्याकडे नमस्काराला 'सुखी राहा' म्हणण्याची सवय आहे, तेच मराठीत म्हटले आणि ते चालून गेले.

आठ तारखेला पहाटेपासून रिमझिम होती. चर्चच्या आवारात छत्र्यांची दाटी झाली. लोंब्यांचे भारे एका सजवलेल्या मंडपात ठेवले होते. धर्मगुरूंनी त्यांवर तीर्थ शिंपडले, मिरवणूक निघाली, मुलांनी अखेरची फुले उधळली. मिस्सा संपल्यावर प्रत्येक कुटुंबाला लोंब्या आणि प्रत्येक मुलाला उसाचे एकेक कांडे मिळाले. फाटकातून बाहेर पडणारी पोरे खांद्यावर ऊस टाकून शिपायांसारखी चालली होती.

लोंब्या कुठल्या, हे मी विचारले. चर्चने स्वतःच्या जागेत एक तुकडा केवळ या सणापुरता लावला होता. गावातल्या बहुतेक घरांचे भात आता दुकानातून येते. स्नेह्यांच्या घरचेही तसेच.

आजीबाई हे लपवीत नाहीत. माजघरात बसून त्या म्हणाल्या, की त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी ते कुळे होते. शेत दुसऱ्याचे, राबणे यांचे आणि पिकातला मोठा वाटा मालकाच्या घरी जायचा. 1974 च्या कायद्याने कर्नाटकात कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा दीड एकर त्यांच्या नावावर आली. त्या वर्षीच्या नव्याला सासरे जेवले नाहीत, नुसते लोंबीकडे पाहत बसले. पुढे मजूर मिळेनासे झाले, मुलगे नोकऱ्यांवर गेले आणि त्या शेतात सुपारी लागली. ''पोटासाठी ते बरेच झाले,'' त्या म्हणाल्या, ''पण चर्चची लोंबी हातात घेताना लाज वाटते.'' त्यांनी याहून अधिक सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दुपारी देव्हाऱ्यासमोर मेणबत्ती लावून घरातील थोरल्या पुरुषाने, म्हणजे माझ्या स्नेह्यांनी, प्रार्थना म्हटली. लोंबीतले दाणे सोलून, कुटून नारळाच्या रसात कालवले होते. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाला त्यातले चमचाभर मिळाले. पाहुणा म्हणून मलाही. चव कच्च्या तांदळाची, किंचित दुधाळ. मग केळीच्या पानावर जेवण. या दिवशी मासमच्छी वर्ज्य आणि भाज्यांची संख्या विषम असावी असा नेम. आमच्या पानावर सात होत्या: अळवाचे देठ, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, अंबाडे आणि लाल भोपळा. शिवाय मुगाच्या डाळीचे, गूळ व नारळाचा रस घातलेले वर्न.

एरवी सणाला डुकराचे मांस आणि सान्नां खाणाऱ्या घरातल्या मुलाला हे पान पाहून काय वाटले असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होते.

आजीबाईंची एक रीत आहे. पहिला घास घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाने पानावरचा एक पदार्थ निवडायचा आणि तो कुणामुळे इथवर आला ते सांगायचे. 'देवाने दिला' हे उत्तर चालत नाही. देवाचे आभार प्रार्थनेत मानून झालेले असतात. एका नातीने नारळ घेतला आणि माडावर चढणाऱ्या गड्याचे नाव सांगितले. दुसरीने शेजारणीच्या परसातली भेंडी घेतली. पाळी नऊ वर्षांच्या त्या पुतण्यावर आली. तो भाताकडे पाहत राहिला.

''भात दुकानातला,'' तो म्हणाला.

''दुकानात कुणी आणला?''

''पैसे देऊन आणला.''

''पैसे?''

मुलाच्या गळ्यात आवंढा आला. पैसे वडिलांचे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याचे वडील दोन वर्षांत घरी आले नव्हते. यंदा मोंतीला येतो म्हणाले आणि रजा मिळाली नाही. तो म्हणाला, ''मी नाही सांगणार. त्याने यायला हवे होते.''

घरात शांतता पसरली. त्याच्या आईने मान खाली घातली. मला वाटले, आता आजी रागे भरणार किंवा उपदेश करणार. दोहोंपैकी काहीच झाले नाही. ''बरे,'' त्या म्हणाल्या, ''भात राहू दे. दुसरे काही घे.'' मुलाने अंबाडे घेतले आणि शेजारच्या तुळू बाईंचे नाव सांगितले. मग सगळे जेवले.

मला हे पटले. मुलाच्या मनात जे नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेतले असते, तर त्या दिवशी तो फक्त खोटे बोलायला शिकला असता.

जेवणात जे हजर नसतील त्यांचा वाटा बाजूला काढण्याची इथे रीत आहे. पूर्वी मुंबईला किंवा आफ्रिकेला गेलेल्या माणसांना पाकिटातून चार दाणे धाडीत. आजीबाईंनी लोंबीतले दाणे एका कागदावर ठेवले, पुडी बांधायला दोरा शोधू लागल्या आणि काही कामासाठी स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा पुडी बांधलेली होती. वर पेन्सिलीने कानडी अक्षरांत वडिलांचे नाव लिहिलेले होते. या समाजाची कोंकणी कानडी लिपीत लिहितात. मला ती वाचता येत नाही, स्नेह्यांनी हलकेच वाचून दाखवले. मुलगा अंगणात ऊस सोलीत होता.

संध्याकाळी कुवेतहून फोन आला. कुणी काय बोलले ते मी ऐकले नाही, कारण ओसरीवर पाऊस जोरात वाजत होता. एवढे दिसले की मुलाने फोन कानाशी धरून ती पुडी दोनदा हलवली, दाण्यांचा आवाज पलीकडे जावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मंगळूरची बस पकडली. निघताना आजीबाईंनी उसाचे एक कांडे माझ्या हाती दिले. बसमध्ये ते कुठे ठेवावे कळेना. कंडक्टरने हसून ते माझ्याकडून घेतले, चालकाच्या मागच्या कोपऱ्यात उभे केले आणि 'मोंती?' एवढेच विचारले. मी मान हलवली. उतरताना कांडे अर्धे मोडून मी त्याला दिले, आणि तोंडातून निघून गेले, 'देव बरें करूं'.