अठरा अंशांवरची हाक

सोलापूरकडून येणारा घाट तुळजापूरला संपतो, त्या माथ्यावर उभं राहिलं की दक्षिणेचा सगळा मुलूख पायाशी उघडा पडतो. सोयाबीन निघून मोकळी झालेली काळी रानं, बांधाकडेला पिवळ्या फुलांवर आलेली तूर, मध्येच लखकन चमकून जाणारं तळं आणि, कोजागरी तोंडावर आलेली असल्यामुळे, त्या साऱ्याला कापत येणाऱ्या रस्त्यावरून अनवाणी चालत येणारी माणसं. कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, कुणाच्या कपाळी मळवट, आणि दमल्या छातीतून एकाएकी उसळून येणारा उदोकार.

मी हैदराबादला निघाले होते. हौशी रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींच्या मेळाव्याला. बीड, धाराशिव मागे टाकून तुळजापूरला थांबायचं, सायंकाळी डोक्यावरून जाणारा उपग्रह गाठायचा आणि मग नळदुर्गाच्या वाटेला लागायचं, असं घरूनच ठरवलं होतं. थांबायला हीच जागा निवडण्याला कारण होतं. हॅम लोक पृथ्वीचे चौकोन पाडतात, दोन अंश रुंद आणि एक अंश उंच, आणि एकमेकांना गावाच्या नावाऐवजी त्या चौकोनाची खूण सांगतात. सोलापूर एमके77 मध्ये. तुळजापूर एमके88 मध्ये, तेही त्याच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात. अठराव्या अंशाची अक्षांशरेषा गावाच्या दक्षिण अंगाला जवळजवळ स्पर्शून जाते. शहात्तराव्या अंशाची रेखांशरेषा थोडी पश्चिमेला राहते. नकाशावरच्या या रेघा रानात कुठे दिसत नाहीत. पण त्या संध्याकाळी मला त्या पायाखाली जाणवत होत्या.

माझा अँटेना घरी बनवलेला आहे. त्याची कांडकी पोलादी मोजपट्टी कापून केलेली, आणि त्या पिवळ्या पट्टीवरचे सेंटिमीटरचे काळे आकडे अजून वाचता येतात. घाटातला वारा त्यांच्यातून गेला की टोकं थरथरतात आणि तो कंप हातातल्या दांड्यातून मनगटापर्यंत येतो. उपग्रह होता एसओ-50. 2002 च्या डिसेंबरात बायकोनूरहून गेलेला, दोन हातांत सहज उचलता येईल एवढा, पाव वॉट शक्तीनं बोलणारा. पाव वॉट! देवघरातला झिरोचा बल्बही याहून कितीतरी जास्त वीज घेतो. तेवढ्याशा ताकदीवर त्याचा आवाज शेकडो किलोमीटर खाली उतरून या पट्ट्यांच्या टोकांशी येतो, हे गणितानं समजतं. मनाला ते दर वेळी नव्यानं मानावं लागतं.

पोरं-बाळं जमलीच. एक आराधी मावशी परडी सावरत जवळ आल्या.

"काय करायलाव ओ ताई?"

"वरून एक उपग्रह चाललाय मावशी, त्याच्यातून बोलायचंय."

"कुणासंग?"

"जो ऐकील त्याच्यासंग."

"मग बोला की," त्या म्हणाल्या आणि तिथेच टेकल्या.

येणारा उपग्रह थोड्या चढ्या वारंवारतेवर ऐकू येतो, जाणारा उतरत्या, म्हणून 436.805 मेगाहर्ट्झवर कान लावून बसायचं आणि तो सरकेल तसं पायरी-पायरीनं खाली यायचं. आधी नुसती खरखर. मग ती खरखर विरत जाते, पाऊस उघडल्यावर लांबचा ओढा ऐकू यावा तशी एक पोकळी उघडते आणि तिच्यात माणसं असतात. बंगळूर. मागोमाग कोलंबो. मी मनगट वळवत अँटेनाचा पीळ त्या फिरत्या पेटीच्या पिळाशी जुळवत राहिले, आणि फट दिसताच आपली खूण सांगितली: माइक किलो एट एट. थायलंडहून एका पुरुषाचा संथ, वयस्क आवाज आला. त्यानं माझा चौकोन बिनचूक परत म्हटला, आपला दिला, सेव्हंटी थ्री, म्हणजे शुभेच्छा, म्हणाला.

एवढंच.

या एवढ्याशात काय असतं, असं मला अनेकजण विचारतात. तुळजापुरात मला याचं उत्तर सापडलं असं वाटतं. गोंधळी गोंधळ मांडतो तेव्हा संबळाच्या ठेक्यावर आधी गावोगावच्या देवतांना बोलावतो, एकेकीला तिच्या ठिकाणासकट: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर. कथा नंतर. आधी हाक, आणि प्रत्येक हाकेत एक गाव. आम्हीही तेच करतो. मी इथे आहे, तू तिथे आहेस, आणि मधला सगळा अंधार ओलांडून ऐकू आलं.

तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत ती पलंगावर असते, त्यामुळे मी घाटमाथ्यावर उभी होते तेव्हाही ती निजलेलीच होती. तिच्या निद्रेवरून मला ऑस्कर-7 आठवतो. 1974 च्या नोव्हेंबरात सोडलेला हा हौशी लोकांचा उपग्रह 1981 मध्ये बॅटरी निकामी होऊन मुका झाला. पुढे त्या मेलेल्या बॅटरीतला जोड आपोआप तुटला आणि 2002 च्या जूनमध्ये तो पुन्हा बोलू लागला, फक्त ऊन असताना. पृथ्वीच्या सावलीत शिरला की निजतो, उन्हात आला की जागा होतो. आपला हॅमसॅट उपग्रह मात्र जागा झालेला नाही. 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोनं तो सोडला, 2014 मध्ये त्याचीही बॅटरी गेली. त्याच्यावरून बोललेले कितीतरी आवाज माझ्या कानांत आहेत.

नळदुर्ग गेलं, उमरगा आलं तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. डावीकडे अंधारात सास्तूर, त्याच्या पलीकडे किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारला काही मिनिटं कमी, गणपती बोळवून गावं नुकती निजलेली. भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं त्या झोपेतून उठली नाहीत. त्या दिवसांत हॅम मंडळी आपापले संच घेऊन या भागात पोचली होती आणि निरोप पोचवत होती: कोण आहे, कुठे आहे, काय हवंय. मेळाव्यातल्या गप्पांत किल्लारीचं नाव निघालं की अजूनही जुनी माणसं बोलायची थांबतात. गाडीत माझा संच चालू होता. पट्टा रिकामा होता, तरी मी तो बंद केला नाही.

या छंदाचा परवाना आपल्याकडे वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देऊन काढता येतो. तुमच्या घरात रेडिओच्या खरखरीला कान लावून बसणारं एखादं पोर असेल, तर त्याला त्या परीक्षेला बसवा.