जाऊबाईंचा कॉम्प्युटर

आमच्या घरात सासू-सुनांची भांडणं कधी झाली नाहीत. जमिनीवरून झाली नाहीत, दागिन्यांवरून झाली नाहीत. होतात ती कॉम्प्युटरवरून. रविवारी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की बेंगळूरहून मुलाचा फोन येतो. तो तिकडे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. मी बेळगावातल्या एका हायस्कुलात बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेली. आणि यजमान पेपर शेवटच्या पानापासून वाचणारे. तिघांची तीन मतं, आणि तिन्ही ठाम.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी आमच्याकडे दीड तास वाद झाला. यजमान म्हणाले, "बघा, शेवटी पेनच कामाला आलं." मुलगा म्हणाला, "एकाच कंपनीच्या भरवशावर जग ठेवलं की असंच होणार." मी म्हटलं, "म्हणूनच सांगते, सगळ्यांनी लिनक्सच घ्यावं."

हे 'लिनक्सच' माझं जुनं. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा माझा जुना लॅपटॉप भंगारात द्यायची वेळ आली होती. मी त्यावर लिनक्स घातलं आणि तो पुढं सात वर्षं चालला. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. आपल्या माणसांना आणखी काय पाहिजे? आहे ती वस्तू झिजेपर्यंत वापरावी, उगाच नवी आणू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात हे बसतं, असं मी बायकांना सांगायची. शेजारणीला सांगितलं, भाचीला सांगितलं, बस्तीच्या हिशेबनिसांनाही सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी मान डोलावून घरी गेलं.

मग जाऊबाईंची पाळी आली.

थोरले दीर २००३ साली गेले, तेव्हा जाऊबाई अडतीस वर्षांच्या होत्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पदरात दोन मुली. अक्कांनी टायपिंग क्लासात जाऊन डीटीपी शिकून घेतलं आणि जुना कॉम्प्युटर विकत घेऊन शहापुरातल्या घराच्या पडवीत काम सुरू केलं. लग्नपत्रिका, वधू-वर सूची, पूजेच्या पुस्तिका, बारशाची आमंत्रणं. आपल्या भागात पत्रिका एका भाषेत भागत नाही, मुलाकडचे मराठी तर मुलीकडचे कन्नड. अक्का दोन्ही करायच्या, आणि दोन्हीत वेलांटी चुकायची नाही. त्या पडवीतल्या कामावर दोन्ही मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली. आजही त्यांचं औषधपाणी त्यावरच आहे. मुलींकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा बाणा.

गेल्या वर्षी बातमी सगळीकडे होती, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार. अक्कांचा कॉम्प्युटर २०१६ चा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही त्यानंतरच्या पिढीचा लागतो. म्हणजे अक्कांच्या मशीनवर ते सरळ मार्गानं चढणार नाही. दुकानदारानं सांगितलं, नवा घ्या, चाळीस हजार. अक्कांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "एक रुपया घालवू नका अक्का. मी नवा करून देते."

"कर की," त्या म्हणाल्या. काय करणार हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या वाक्यावर मी पुढं पुष्कळ रात्री जागून काढल्या.

श्रावणात अक्का दोन दिवस बाहुबलीला दर्शनाला गेल्या. मी किल्ली घेऊन पडवीत बसले. आधी सगळ्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, एवढी अक्कल देवानं शाबूत ठेवली होती. मग विंडोज पुसलं आणि लिनक्स घातलं. मशीन असं पळायला लागलं की मलाच आनंद झाला. पडद्यावर भगवान बाहुबलींचा फोटो लावला आणि घरी आले.

परत आल्यावर अक्कांनी पहिली फाईल उघडली. दशलक्षण पर्वासाठी एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ पूजेची पुस्तिका काढायला दिली होती, अठ्ठेचाळीस पानांची, त्यातली तीस झाली होती. पेजमेकर तर उघडेचना. मग मी त्यातला मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवला. पडद्यावर नमोकार मंत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं आणि कंस यांची नुसती मिसळ.

अक्का चष्मा काढून, पुसून, परत घालून बघत राहिल्या. "हे काय दाखवायलंय गं? माझी वीस वर्षं अशी का बडबडायलीत?"

आता हे असं का झालं ते सांगते, कारण आपल्यापैकी कित्येकींच्या घरी, मंडळात, बस्तीच्या कपाटात अशाच फाईली आहेत. जुन्या डीटीपीच्या फॉन्टांत देवनागरी खरी देवनागरी नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, कुठे काना, कुठे अर्धा 'त', कुठे रफार. तो फॉन्ट आहे तोवर ते मराठी दिसतं. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं 'क' ला स्वतःचा ०९१५ हा क्रमांक आहे. फोनवर, कॉम्प्युटरवर, अमेरिकेत, अथणीत, सगळीकडे तो 'क'च राहतो. पण अक्कांचा पेजमेकर हा २००१ सालच्या शेवटच्या आवृत्तीचा. त्याला युनिकोड कळत नाही. आणि त्यांच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो, मागे खोचायची ती बोटभर चावी. ती चावी लिनक्स ओळखेना. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या युक्त्या असतात, त्या मी रात्री दोन वाजेपर्यंत करून बघितल्या. जुन्या पीडीएफ मात्र छान दिसत होत्या, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असतो. पण त्यात एक वेलांटी बदलायची म्हटलं तर बदलता येईना.

हे सगळं मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी वर्गात शिकवलेलं होतं. अक्का काय काम करतात हेही वीस वर्षं बघत होते. फक्त या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मला माझं मत सिद्ध करायचं होतं.

परत विंडोज घालायला बसलो, तर तेही सरळ होईना. २०१६ साली दुकानदारानं मुद्दाम ३२ बिटचं विंडोज घातलं होतं, जुनी सॉफ्टवेअरं चालावीत म्हणून. मी घाईत ६४ बिटचं घातलं, आणि डोंगल पुन्हा मुका. शेवटी गल्लीतल्या एका डीटीपीवाल्या पोराकडं जुनी सीडी सापडली. तो रात्री येऊन ३२ बिटचं घालून गेला. पैसे घेतले नाहीत. "अक्कांनीच मला शिकवलंय," म्हणाला. या सगळ्यात अकरा दिवस गेले. पुस्तिकेवाले थांबू शकत नव्हते, पर्व थांबत नाही. त्यांनी काम दुसरीकडे दिलं. सहा हजारांचं नुकसान झालं. ते मी भरून दिलं असतं, पण बस्तीत कुणीतरी म्हटलं, "अक्कांना आता जमत नाही वाटतं." ते कसं भरून देणार? अक्कांच्या कानावर ते गेलं होतं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त माझ्यासमोर कॉम्प्युटर लावायच्या बंद झाल्या.

मुलाला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "आई, म्युनिक माहीत आहे ना?" जर्मनीतल्या त्या शहरानं २००३ मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी लिनक्सचा निर्णय घेतला, वर्षानुवर्षं खपून हजारो कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं जायचं ठरवलं. मी चिडून म्हटलं, "मग केरळ?" केरळच्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवरच शिकतात, परीक्षा देतात, आणि ते टिकलंय. तो म्हणाला, "टिकलंय, कारण त्यांनी आधी शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं त्याप्रमाणे काढली. नुसती सीडी घालून घरी गेले नाहीत."

मी गप्प बसले. यजमानही, पहिल्यांदाच, काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी मी पाठशाळेत मुलांना शिकवते. अनेकान्त समजावताना माझा ठरलेला दाखला असतो: 'च' म्हणणारा अडतो, 'ही' म्हणणारा पुढं जातो. "हेच खरं" म्हटलं की दार बंद, "हेही खरं" म्हटलं की दार उघडं. त्या रविवारी फळ्यावर तो 'च' लिहिताना माझा हात थबकला. एक पोरगी म्हणाली, "बाई, खडू मोडला काय?" मी म्हटलं, "न्हाई गं, मीच मोडले."

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावणीचा दिवस आला. एरवी त्या दिवशी आपण हात जोडत, हसत, सगळ्यांना एकच वाक्य म्हणत फिरतो. त्यात चूक कुठली, कुणाची, हे कुणी विचारत नाही. या वेळी मी अक्कांकडे गेले आणि नाव घेऊन चूक सांगितली. "तुम्हाला न विचारता तुमचं चालतं काम मी मोडलं. तुमच्या सोयीसाठी नाही, माझ्या हट्टासाठी."

अक्का बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "क्षमा केली. आता त्या डोंगलची दुसरी जोडी मिळते काय बघ. हा एक मोडला तर मी काय करू?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांना सुचला होता.

त्या दिवशी आम्ही दोघी पडवीत वही घेऊन बसलो. या वेळी मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. जुनं मशीन तसंच ठेवायचं, फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाकायची. त्यावर बँक नाही, मेल नाही, फक्त छपाईचं काम. पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे तपासून मगच लावायचा. दुसरं एक वापरलेलं मशीन भाचीनं दिलं, त्यावर मेल आणि युनिकोडमधलं नवं काम. वधू-वर सूची पहिल्यांदा तिकडे न्यायची, कारण ती लोक फोनवर वाचतात, त्यात नाव शोधतात. जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारात ते चुकतात, म्हणून रोज दोनच पानं बदलायची आणि डोळ्यांनी तपासायची. सगळ्याची एक प्रत अक्कांकडे, एक माझ्याकडे. आणखी वर्षभराची मुदतही आहे. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेटं नोंदणी करून मिळतात, हे मी तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. चाळीस हजारही नको होते आणि माझा हट्टही.

दुसरा डोंगल मात्र अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे.

आता कुणी विचारलं, "बाई, कुठलं घेऊ?" तर मी आधी विचारते: काम काय करता? फाईल कुणाला देता, कुणाकडून घेता? आणि रात्री बंद पडलं तर तुमच्याकडे कोण येणार? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत लिनक्सचं नाव काढत नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर अजून तेच आहे, आणि मला ते फार आवडतं. ते वेगळं.

१४ ऑक्टोबरला सकाळी साडेसातला अक्कांचा फोन आला. महिन्याभरानं त्यांनी आपणहून केलेला.

"अगं, आज हा बंद पडणार होता न्हवं?"

"बंद नाही अक्का, त्याची काळजी घेणं बंद होणार."

"मग चालायलाय की." मागून पेजमेकरमधली पत्रिका छापायला टाकल्याचा प्रिंटरचा आवाज येत होता. "काळजी आपण घेऊ म्हण. आणि ये दुपारी. युनिकोडात 'र्‍हस्व'मधला अर्धा 'र' कसा पाडायचा ते दाखव, आणि माझ्यासमोर बसून दाखव."

मी गेले. त्यांच्यासमोर बसले. कीबोर्ड त्यांच्याच हातात ठेवला.