कळण्याचा सोललेला डोंगर

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बांद्याजवळ खालाकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खालूंनी आपली पोफळीची बाग दाखवायला दोडामार्गच्या रस्त्याने नेलं. काजूची रानं, मधूनच माडांची सावली, आणि कळण्यापाशी एकाएकी हिरव्या डोंगराचं सोललेलं अंग! पायऱ्या-पायऱ्यांनी कापत नेलेली खाण. माती तांबडी, मध्ये काळपट पट्टे, ते लोहखनिज. डंपर भरून ते रेडी बंदराकडे जायचं.

खनिजापर्यंत पोचायचं तर वरचा डोंगर आधी उपसावा लागतो, आणि ती माती कुठेतरी रचावीच लागते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल गावातल्या घरांत, बागांत शिरला.

बागेत जोहरची वेळ झाली. खालूंनी पाटाच्या पाण्याने वुजू केलं, आम्हीही केलं. भर उन्हाळ्यात पाणी गार होतं. खालू म्हणाले, "हा जांभा पावसात पाणी पितो नि मेपर्यंत झऱ्याला देत राहतो. डोंगरच कापला तर झरा कुठला?" त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतच, पण भूगोल पक्का.

खाणीला नावं ठेवणं आम्हा पाहुण्यांना सोपं आहे. खालूंच्या मोठ्या मुलाने कर्ज काढून डंपर घेतला होता. घरावरची नवी कौलं त्याच कमाईची. खाणकाम थांबलं की हप्ते थांबत नाहीत. एकाच ताटात जेवणाऱ्या बाप-लेकांत यावरून महिना-महिना अबोला असायचा, हे खालाने हळूच सांगितलं.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्येच सिंधुदुर्गात नव्या खाणी नकोत असं सुचवलं होतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्यासाठी सरकारला मुदत घालून दिली. या पट्ट्यातून वाघांची ये-जा आहे. आमच्या मते निर्णय योग्यच. पण डंपरच्या कर्जाचं काय, हे त्यात कुठे येत नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा अंगणात डंपर उभा होता, आणि त्याच्या सावलीत बसून खाला रातांबे फोडत होती.