तिसरं वळण, ट्रॉल्यांच्या शेजारी

"हळू घे. आता डावीकडे," पॉप म्हणाले.

डावीकडे रस्ता नव्हता. पार्किंगचे पांढरे पट्टे होते, ट्रॉल्या परत लावायचा लोखंडी कठडा होता, आणि एक बाई रडणाऱ्या पोराला गाडीत बसवायची खटपट करत होती. मी ब्रेक दाबला. पॉपनी काच खाली केली आणि त्या कठड्याकडे बोट केलं. "तिसरं वळण. इथं माझं मागचं उजवं चाक निखळलं. १९६८ साली. चाक पुढं आणि मी त्याच्या मागं."

आम्ही खरं तर गालिचा घ्यायला आलो होतो. मी पेनसिल्वेनियात ईस्टनजवळ राहतो. नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरलं की पाऊण-एक तासात फ्लेमिंग्टन येतं. पॉप माझे शेजारी. आडनावानं त्यांना कुणी हाक मारत नाही, सगळी गल्ली पॉपच म्हणते. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडीचा परवाना स्वतःहून परत केला होता. तेव्हापासून मी कुठंही निघालो की ते अंगणात उभे असायचे, जणू सहजच. "फ्लेमिंग्टन" हा शब्द ऐकल्यावर मात्र विचारलंसुद्धा नाही, दार उघडून आत बसले.

त्या दिवशीपर्यंत मला एवढंच माहीत होतं की हे गृहस्थ छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. शनिवारी रात्री ते शर्यतीतले ड्रायव्हर असायचे, हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं.

फ्लेमिंग्टनला १८५६ पासून जत्रा भरायची. म्हशी नसल्या तरी गाई-डुकरांची प्रदर्शनं, भोपळ्यांची बक्षिसं, पाळणे, आणि घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीची लंबगोल धावपट्टी. अमेरिकेतल्या कितीतरी मातीच्या ट्रॅकांचा जन्म असाच जत्रेच्या आवारात झाला. पट्टी होती, बसायला फळ्या होत्या, गर्दी आपसूक जमायची; घोडे गेले नि मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पेवच फुटलं. सैन्यातून परतलेल्या पोरांना इंजिन खोलता-जोडता येत होतं, आणि भंगारात तीसच्या दशकातल्या फोर्ड मातीमोल भावात मिळत होत्या. काचा काढायच्या, मडगार्ड कापायची, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडायचा, दारावर हातभर आकडा रंगवायचा. आठवडाभर दूधवाला, सुतार, गॅरेजवाला. शनिवारी रात्री आकडा.

मग या जागा गेल्या कशा? पॉप याचं उत्तर एका शब्दात देतात: सपाट. हायवेला लागून, सपाट, एवढी मोठी, शिवाय हजारो गाड्या लावायची सोय आधीच केलेली. मॉलवाल्याला दुसरं काय हवं असतं? भोवती घरं झाली की आवाजाच्या आणि धुळीच्या तक्रारी सुरू होतात, विम्याचे हप्ते वाढतात, मालकाच्या मुलांना यात रस नसतो. फ्लेमिंग्टनच्या ट्रॅकवर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डांबर पडलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो बंद झाला. रेडिंगच्या जत्रेतला अर्ध्या मैलाचा ट्रॅक १९७९ मध्ये संपला, त्यावर मॉल उभा राहिला, आणि २०१८ मध्ये तो मॉलही बंद पडला. ही बातमी मी पॉपना वाचून दाखवली. त्यांना आनंद झाला असावा. तो लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही.

लँगहॉर्नबद्दल मात्र ते थट्टा करत नाहीत. फिलाडेल्फियाच्या उत्तरेला १९२६ मध्ये सुरू झालेला तो एक मैलाचा ट्रॅक चक्क गोल होता. सरळ भागच नाही. साध्या लंबगोलावर सरळ पट्ट्यात ड्रायव्हर दोन श्वास घेतो, हात सैल करतो. लँगहॉर्नला पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत गाडी आडवी घसरतीच ठेवायची. एका उतारावरच्या खळग्यांना ड्रायव्हरांनी ओकारीवरून नाव ठेवलं होतं, इतकी आतडी ढवळून निघायची. १९५८ ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेला जिमी ब्रायन १९६० मध्ये तिथंच जिवानिशी गेला. पॉप त्या काळात तिथं प्रेक्षक म्हणून जायचे. "मी तिथं कधी उतरलो नाही," ते एकदा म्हणाले. जरा वेळानं स्वतःच पुढं म्हणाले, "बोलावलं होतं." मीही पुढं काही विचारलं नाही.

आमच्या घरापासून नाझरेथ गाव पंधरा मिनिटांवर. मारिओ अँड्रेटी या गावचा. १९५५ मध्ये इटलीतल्या निर्वासितांच्या छावणीतून हे कुटुंब इथं आलं. मारिओनं पुढं डेटोना, इंडियानापोलिस आणि १९७८ चं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद, सगळंच जिंकलं. इथं येणारा पाहुणा त्याच्याबद्दल विचारतो. पॉप आल्डोबद्दल सांगतात. आल्डो म्हणजे जुळा भाऊ. दोघांनी मिळून १९४८ ची हडसन गाडी शर्यतीसाठी तयार केली होती, बापाला पत्ता न लागू देता. १९५९ मध्ये नाझरेथच्या अर्ध्या मैलाच्या मातीवर पहिल्यांदा कोण उतरणार, यासाठी नाणं उडवलं. आल्डो जिंकला, नाणंही आणि ती शर्यतही. त्याच हंगामाच्या शेवटी हॅटफिल्डच्या ट्रॅकवर त्याला जबर अपघात झाला, तो बेशुद्धीत गेला, आणि बापाला सगळं तेव्हा कळलं. आल्डो पुन्हा उतरला, पण १९६९ मधल्या आणखी एका अपघातानंतर थांबला. त्याच वर्षी मारिओनं इंडियानापोलिस जिंकलं. नाझरेथमध्ये त्याच्या रस्त्याचं नावच बदलून 'व्हिक्टरी लेन' केलं आहे. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला कोण रस्ता देतो?

सगळंच काही गेलेलं नाही. बेक्टेल्सव्हिलला ग्रँडव्ह्यू नावाचा एक तृतीयांश मैलाचा ट्रॅक १९६३ पासून चालू आहे. एका शनिवारी पॉपना घेऊन गेलो. मी बाकाच्या खालच्या रांगेत बसायला निघालो तर त्यांनी बाही धरून वर ओढलं. पहिल्याच फेऱ्यांत कारण कळलं. खालच्या रांगेतल्या माणसाच्या हातात फ्रेंच फ्राइजचा पुडा होता, त्यात लिंबाएवढं चिखलाचं ढेकूळ येऊन पडलं. त्यानं ते शांतपणे काढून टाकलं आणि उरलेले फ्राइज खाल्ले.

संध्याकाळी माती भिजवतात. मग गाड्याच सावकाश फिरवून ती दाबतात, आपल्याकडे खळं चोपतात तसं. सुरुवातीला माती चिकट असते, चाकं धरून ठेवते. रात्र चढेल तशी ती वाळते, काळी नि गुळगुळीत होते, आणि जो ड्रायव्हर सात वाजता राजा होता तो दहा वाजता हातपाय झाडत असतो. वळण डावीकडे, पण पुढची चाकं उजवीकडे वळवलेली. मागचा भाग बाहेर फेकून गाडी अशी तिरपी ठेवायची की ती घसरत घसरतच वळली पाहिजे. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं बसवतात, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढते. हेल्मेटच्या काचेवर पारदर्शक पापुद्र्यांची चळत असते. चिखलानं दिसेनासं झालं की ड्रायव्हर एक पापुद्रा फाडून फेकतो, एका हातानं, वळणात.

पॉपना यातलं जेमतेम दिसत होतं. ते हनुवटी छातीला टेकवून ऐकत होते. गाड्या वळणात शिरल्या की त्यांची बोटं मांडीवर किंचित वळायची. "चौथ्या नंबरवर कोण आहे? हा पाय लवकर उचलतोय." मी फळा पाहिला. चौथ्या नंबरवरचा तीन फेऱ्यांत सातवा झाला. नंतर मीही डोळे मिटून पाहिलं. मला नुसता गोंगाट ऐकू आला.

घरी येताना मी त्यांना आमच्याकडच्या ड्रायव्हरांबद्दल सांगितलं. मी खटाव तालुक्यातला. आमच्या पट्ट्यात बैलगाडीच्या शर्यतीत छकडा हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, दुसरा शब्द मी ऐकलेला नाही. माझे चुलते, अण्णा, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या मैदानात गाडी पळवायचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा निकाल आला आणि मैदानं बंद झाली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोवर अण्णांचे गुडघे गेले होते. आता ते कडेला खुर्ची टाकून बसतात नि प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवतात. बैलाचं नाव मात्र कधी चुकत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचा बैलसुद्धा.

मोबाइलवर मैदानाचा एक व्हिडिओ होता. पॉपनी तो नाकाशी धरून तीनदा पाहिला.

"ब्रेक कुठं आहे?"

"नाही."

"आमच्याकडेही नावालाच होता," ते म्हणाले. मग विचारलं, "माती कसली?"

मला सांगता येईना. मी त्या मातीत वाढलो, आणि मैदानाला कुठली माती लागते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. पॉप स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. अण्णांनी आधी खुलासा मागितला.

"गोल गोल पळतात म्हणतोस? आणि पोचतात कुठं?"

मी भाषांतर केलं.

"निघालो तिथंच," पॉप म्हणाले. "म्हणून तर बायको जाऊ द्यायची."

हे अण्णांना फार आवडलं. आपल्याकडे चाकोऱ्या सरळ असतात, वळणाची भानगड नाही, मुरमाड जमीन बरी, काळी नको, खडे वेचून घ्यायचे, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. मग म्हणाले, "त्याला विचार, वळणावर माती भिजवायची का कोरडी ठेवायची? नीट विचार, घाई करू नकोस."

मी विचारलं. पॉपनी कप बाजूला सरकवला. मीठदाणी म्हणजे आतली कड, मिरपूडदाणी म्हणजे बाहेरची, आणि दोन्हींच्या मधून चमचा तिरका सरकवत ते वीसेक मिनिटं बोलले. पाणी किती, कधी, वारा कुठून, पाऊस पडून गेला असेल तर काय, आणि रेडिंगची माती फ्लेमिंग्टनपेक्षा कशी लबाड होती. निम्म्याहून जास्त शब्द मला मराठीत येत नव्हते, काही तर इंग्रजीतही नवे होते. फोनवर अण्णा वाट पाहत होते.

"भिजवायची म्हणतात," मी सांगितलं.

पलीकडे क्षणभर शांतता.

"लेका," अण्णा म्हणाले, "मघापासून तो एवढंच बोलत होता व्हय?"